अग्निशमन दलाचे पेजिंग टोन मोजताना आकडे यादीशी जुळत नाहीत

कोलशेतचा_श्रोता (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात कोलशेत भागात राहतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षभरापासून मला अमेरिकेच्या ग्रामीण भागातील अग्निशमन दलांचे बिनतारी संभाषण ऐकण्याचा नाद लागला आहे. माझ्याकडे स्कॅनर नाही. तिथले हौशी लोक आपल्या स्कॅनरवर आलेला आवाज ब्रॉडकास्टिफाय या संकेतस्थळावरून सर्वांसाठी सोडतात, तोच मी ऐकतो. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे कॉलेजला निघण्यापूर्वीचा तास-दीड तास या कामासाठी बरा मिळतो. (पहिल्या आठवड्यात घरच्यांनी त्या शिट्ट्या ऐकून दोनदा गॅसची शेगडी तपासली होती.)

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिथल्या लहान गावांत दलाचे बरेचसे जवान स्वयंसेवक असतात. ते आपापल्या घरी, शेतावर किंवा दुकानात असतात आणि त्यांच्या कमरेला पेजर असतो. नियंत्रण कक्षाकडे वर्दी आली की बोलण्याआधी दोन सूर एकापाठोपाठ प्रसारित केले जातात, पहिला साधारण एक सेकंद आणि दुसरा साधारण तीन सेकंद. ज्या पेजरमध्ये नेमकी हीच जोडी भरलेली असेल त्याचा आवाज उघडतो आणि पुढचे बोलणे ऐकू येते, बाकीचे पेजर गप्प राहतात. मोटोरोलाने या पद्धतीला क्विक कॉल टू असे नाव दिले होते आणि आजही तिथले लोक तेच नाव वापरतात.

कोणती जोडी कोणत्या केंद्राची आहे याची स्वतःची यादी तयार करावी, असे मी ठरवले. त्यासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ध्वनिमुद्रणाचा सॅम्पल रेट २२,०५० आहे. प्रोग्रॅम १,०२४ नमुन्यांचा एकेक तुकडा घेतो, त्याचे एफएफटी (आवाजातील वेगवेगळ्या वारंवारता सुट्या करून दाखवणारे गणित) काढतो आणि सर्वांत जोरकस वारंवारता छापतो. एका काउंटीतील (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागातील) तीन केंद्रांसाठी मला पहिला टोन प्रत्येक वेळी ३४४.५ हर्ट्झ मिळाला आणि दुसरा टोन अनुक्रमे ७१०.६, ६०२.९ आणि ८८२.९ हर्ट्झ मिळाला. हे आकडे दररोज तंतोतंत तेच येतात, त्यामुळे मोजमाप बरोबर असावे असे मला वाटले होते, परंतु प्रसिद्ध याद्यांत यांपैकी एकही आकडा सापडत नाही. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे शेजारच्या काउंटीतील एका केंद्राचा पहिला टोन कधी ५८१.४ तर कधी ६०२.९ येतो, काही वेळा तर एकाच टोनच्या मध्यावर तो बदलतो. त्याचा दुसरा टोन मात्र नेहमी ७१०.६ असतो.

माझे प्रश्न असे आहेत. आकडे यादीशी का जुळत नाहीत? तो हेलकावणारा टोन म्हणजे त्यांच्या प्रक्षेपकातील दोष आहे का? कधी कधी जोडीऐवजी एकच टोन सलग आठ सेकंद वाजतो, तो कशासाठी असतो? आणि शेवटचा प्रश्न, आपल्या ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या अग्निशमन दलाकडे असे टोन असतात का? असल्यास एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेऊन तेही मोजावेत असा विचार आहे.

खाडीपूल_वाशी

आपले आकडे एका ओळीत मांडून पाहा: ३४४.५, ५८१.४, ६०२.९, ७१०.६, ८८२.९. हे सर्व २१.५३ च्या पटीत आहेत, अनुक्रमे १६, २७, २८, ३३ आणि ४१ पट. सातासमुद्रापलीकडून आलेल्या वेगवेगळ्या सुरांनी असे एकाच पाढ्यात बसण्याचे काहीच कारण नाही. हा पाढा आपल्या प्रोग्रॅमचा आहे. २२,०५० ला १,०२४ ने भागले की २१.५३ येतात, म्हणजे आपल्या एफएफटीचे कप्पे २१.५३ हर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रोग्रॅम खरी वारंवारता न सांगता फक्त जवळच्या कप्प्याचा क्रमांक सांगतो आहे. आकडे दररोज तंतोतंत तेच येतात, हीच खरे तर शंका घेण्याजोगी गोष्ट होती. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक थोडा तरी हलतो.

हेलकावणाऱ्या टोनचे कोडे याच हिशेबाने सुटते. २७ वा कप्पा ५८१.४ वर आहे आणि २८ वा ६०२.९ वर आहे. खरा टोन या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर, म्हणजे ५९२ च्या आसपास असेल, तर जरासा खरखराट मिसळताच निकाल कधी इकडे तर कधी तिकडे झुकेल. प्रक्षेपक निर्दोष आहे. तो टोन ५९२.५ असणार असा माझा अंदाज आहे, आणि हा अंदाज खरा ठरला तर पुढची एक गोष्टही आपोआप ठरते, म्हणून ती सविस्तर लिहितो.

या टोनची यादी एक नाही. मोटोरोलाची मालिका आणि जनरल इलेक्ट्रिकची मालिका या दोन वेगवेगळ्या आहेत आणि दोहोंची रचना मुळातून भिन्न आहे. मोटोरोलाच्या पहिल्या गटात ३३०.५, ३४९.०, ३६८.५, ३८९.०, ४१०.८ असे टोन येतात आणि दुसऱ्या गटात ५६९.१, ६००.९, ६३४.५, ६६९.९, ७०७.३, ७४६.८, ७८८.५, ८३२.५, ८७९.०, ९२८.१ असे येतात. कोणताही टोन घ्या आणि मागच्याने भागा, उत्तर १.०५६ च्या आसपासच येईल. जनरल इलेक्ट्रिकच्या मालिकेत मात्र टोन सारख्या अंतरावर, प्रत्येकी १५ हर्ट्झवर आहेत: ५१७.५, ५३२.५, ५४७.५ असे चढत ९६७.५ पर्यंत.

मोटोरोलाच्या मालिकेत गुणोत्तर सारखे का, याचे कारण जुन्या यंत्रांत आहे. आरंभीच्या पेजरमध्ये टोन ओळखण्याचे काम धातूची कंप पावणारी पट्टी, म्हणजे रीड, करीत असे. ठरावीक वारंवारतेचा सूर आला तरच ती पट्टी थरथरू लागे. अशी पट्टी जितक्या उंच सुराची, तितका तिचा प्रतिसादाचा पट्टा हर्ट्झमध्ये मोजला असता रुंद होतो, म्हणून शेजारचे दोन टोन ठरावीक हर्ट्झने दूर न ठेवता ठरावीक प्रमाणाने दूर ठेवणे शहाणपणाचे होते. पहिला टोन पूर्ण एक सेकंद आणि दुसरा तीन सेकंद वाजवावा लागतो, त्याचेही मूळ तेच आहे. इतक्या नेमक्या सुराच्या पट्टीला पुरेशा जोराने थरथरायला वेळ लागतो. आजच्या पेजरमध्ये पट्ट्या नाहीत, सारे काम चिप करते आणि तिला इतका वेळ नको असतो, परंतु लाखो जुन्या पेजरांशी जुळवून घेताना कालावधी तसाच राहिला.

आता आपल्या आकड्यांकडे पुन्हा येऊ. ७१०.६ च्या कप्प्यात मोटोरोलाचा ७०७.३ ही बसतो आणि जनरल इलेक्ट्रिकचा ७१२.५ ही बसतो. ६०२.९ मध्ये ६००.९ आणि ६०७.५ असे दोघे बसतात. ८८२.९ मध्ये ८७९.० आणि ८७७.५ हे तर केवळ दीड हर्ट्झच्या अंतराने बसतात. म्हणजे कप्प्यावरून निर्णय होत नाही. परंतु ३४४.५ च्या कप्प्यात वर दिलेल्या टोनांपैकी फक्त मोटोरोलाचा ३४९.० आहे, कारण जनरल इलेक्ट्रिकची मालिका ५१७.५ च्या खाली उतरतच नाही. त्यामुळे पहिल्या काउंटीची तीन केंद्रे बहुधा ३४९.० व ७०७.३, ३४९.० व ६००.९, ३४९.० व ८७९.० अशी असावीत. शेजारच्या काउंटीचा पहिला टोन ५९२.५ असेल तर तो जनरल इलेक्ट्रिकच्याच मालिकेतला, आणि मग त्यांचा दुसरा टोन ७०७.३ नसून ७१२.५ असणार. दोन्ही काउंट्यांसाठी आपण ७१०.६ हाच आकडा लिहिला आहे, पण ते दोन वेगळे टोन आहेत असे माझे मत आहे. कोणे एके काळी कोणत्या काउंटीने कोणत्या कंपनीची यंत्रे घेतली, याची खूण अशी टोनच्या यादीत वर्षानुवर्षे टिकून राहते.

अर्थात अंदाजावर थांबू नका. आजचे पेजर हवा तो टोन भरून घेतात, त्यामुळे दोन मालिकांची सरमिसळ झालेली काउंटीही आढळू शकते. मोजण्याची पद्धत बदला. आधी लहान तुकड्यांनी फक्त एवढेच शोधा की एकच सूर स्थिरपणे कुठून कुठपर्यंत चालू आहे. या कामासाठी आपला सध्याचा १,०२४ चा तुकडा योग्य आहे, कारण तो ४६ मिलिसेकंदांचा असल्याने टोनची सुरुवात आणि शेवट त्यात नीट पकडता येतो. मग त्या स्थिर भागाच्या दोन्ही टोकांचा दहावा हिस्सा सोडून द्या आणि मधल्या भागातून १६,३८४ नमुने एकदम घ्या. हे ०.७४ सेकंद भरतात, म्हणजे एका सेकंदाच्या टोनमध्ये आरामात मावतात, आणि कप्पा १.३५ हर्ट्झवर येतो. दुसऱ्या टोनसाठी ३२,७६८ नमुने घेता येतील, तिथे कप्पा ०.६७ हर्ट्झचा होईल. शिखराच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांची उंची घेऊन त्यांतून पॅराबोला काढलात तर याहूनही बारीक उत्तर मिळेल. एका वेळी एकच सूर वाजत असल्यामुळे ही युक्ती येथे निर्धास्तपणे वापरता येते.

आणि हे सर्व करण्यापूर्वी स्वतः एक चाचणी-फाइल तयार करा: ६००.९ चा टोन एक सेकंद, लगेच ८३२.५ चा तीन सेकंद, वर थोडा खरखराट. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे ते गणित प्रोग्रॅमला सोडवता येत नसेल, तर अमेरिकेचे गणित त्याच्यावर सोपवू नये.

आठ सेकंदांचा एकटा टोन हा गट-हाक असतो. एखाद्या दलाच्या किंवा अनेक दलांच्या सर्व पेजरांना एकदम उघडायचे असेल तर जोडीऐवजी एकच लांब टोन दिला जातो. त्यानंतर कधी कधी भराभर वर-खाली होणारा किंवा तुटक वाजणारा जो सूर येतो, तो मात्र पेजरसाठी नसून माणसांचे लक्ष वेधण्यासाठी असतो. तो यादीत शोधत बसू नका.

लहरी_ऐरोली

मला यात आणखी एक कारण दिसते. हे प्रसारण करणारे पुष्कळ लोक स्कॅनरऐवजी स्वस्त डोंगल वापरतात आणि त्या डोंगलच्या स्फटिकात काही पीपीएमची (दहा लाखांत इतके भाग अशी मोजलेली) चूक असते. त्या चुकीमुळे सर्व वारंवारता सरकतात, त्यामुळे टोनही सरकून ऐकू येत असतील. आपण प्रथम त्या प्रसारकाला डोंगलची पीपीएम चूक विचारून घ्यावी आणि ती आकड्यांतून वजा करावी. त्याशिवाय जगभरात वेबवर चालणारे पुष्कळ एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ, आहेत, त्यांवर जाऊन हेच टोन पडताळून पाहता येतील.

खाडीपूल_वाशी

ऐरोलीकरांची शंका स्वाभाविक आहे, परंतु हे पेजिंग एफएमवर असते आणि एफएमला ती लागू होत नाही. एफएममध्ये टोन हा वाहक लहरीच्या सरकण्याच्या वेगात दडलेला असतो. आपला ग्राहक (रिसीव्हर) मूळ जागेपासून थोडा बाजूला लागला असेल तर आवाजात फक्त एक स्थिर विद्युतदाब मिसळतो, सुराची उंची बदलत नाही. एसएसबीमध्ये (लघुलहरींवर हौशी लोक वापरतात त्या प्रसारणपद्धतीत) मात्र आपण म्हणता तसे नेमके घडते, तिथे ग्राहक ५० हर्ट्झ सरकला तर आवाजही ५० हर्ट्झ सरकतो. गोंधळ बहुधा तिथून आला असावा. डोंगलची चूक ५० पीपीएम धरली तरी ७०७.३ हर्ट्झच्या टोनवर तिचा परिणाम ०.०३५ हर्ट्झ इतकाच होईल. त्याच चुकीने १५४ मेगाहर्ट्झचे स्टेशन मात्र सुमारे ७.७ किलोहर्ट्झ बाजूला जाईल आणि आवाज इतका फाटेल की टोन मोजण्याचा प्रश्नच उरणार नाही.

वेबवरच्या एसडीआरविषयी: त्यांपैकी बहुतेक ३० मेगाहर्ट्झच्या खालचा लघुलहरी पट्टा देतात. अग्निशमन दलाचे पेजिंग प्रामुख्याने व्हीएचएफ आणि यूएचएफवर असते, त्यामुळे तिथे फारसे काही हाती लागणार नाही.

पेटीवादक_नौपाडा

मला यातले गणित कळत नाही, पण १.०५६ हे गुणोत्तर वाचून थांबलो. मी गेली बरीच वर्षे भजनाला पेटीची साथ करतो. पेटीवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर गेले, काळी-पांढरी जी असेल ती, तर गुणोत्तर १.०५९५ असते. म्हणजे या मालिकेतली पायरी पेटीच्या पायरीपेक्षा केसभर लहान आहे. ४४० ला लावलेल्या पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी चार ३४९.२ हर्ट्झवर वाजते, आणि आपला ३४९.० म्हणजे जवळजवळ तोच सूर. तिथून एकेक पायरी चढत गेलो तर यादीतला टोन पेटीच्या मागे थोडाथोडा पडत जातो; ७०७.३ पर्यंत पोहोचेस्तोवर तो वरच्या पांढरी चार आणि काळी तीन यांच्यामध्ये, पांढरी चारच्या अंगाला, लटकलेला सापडतो.

आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण ऐकले. पहिल्या काउंटीच्या तिन्ही जोड्यांचा आरंभीचा सूर माझ्या पेटीच्या पांढरी चारशी इतका मिळतो की डोलांची (दोन जवळचे सूर एकत्र वाजताना आवाज लहान-मोठा होतो त्याची) चाहूलही लागत नाही. शेजारच्या काउंटीचा दुसरा सूर आणि आपल्या पहिल्या केंद्राचा दुसरा सूर हे एकच नाहीत, हे कानाला स्पष्ट कळते. शेजारचा किंचित चढा आहे. दोन्ही एकदम वाजवून पाहा, डोल ऐकू येतील आणि ते मोजता येतील.

(आणि ती जुनी यंत्रेही रीडवरच चालत होती हे वाचून आनंद झाला. आमच्या रीडला निदान भाता लागतो.)

खाडीपूल_वाशी

पेटीवादकांनी फार उपयुक्त सूचना केली आहे. ७०७.३ आणि ७१२.५ एकत्र वाजवले तर सेकंदाला साधारण पाच डोल पडतील, आणि ते घड्याळ लावून मोजण्यासारखे आहेत. दीड हर्ट्झ अंतराच्या ८७९.० व ८७७.५ साठी तर ही पद्धत एफएफटीच्या तोडीस तोड ठरेल: तीन सेकंदांत साडेचार डोल.

नेरूळ_हॅम

मूळ प्रश्नातील शेवटच्या भागाकडे कोणी वळलेले नाही आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो. डोंगल घेऊन ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे संभाषण ऐकण्याचा विचार कृपया सोडून द्यावा.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सार्वजनिक सुरक्षा सेवांचे, सर्वसामान्यांना सहज ऐकू येईल असे बिनतारी संभाषण ऐकण्याची मोकळीक दिलेली आहे, आणि तिथला स्कॅनरचा छंद त्याच पायावर उभा आहे. ही मोकळीक जगाचा नियम नव्हे. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत अशा सेवांचे संभाषण ऐकण्यास मनाई आहे. आपल्याकडे १९३३ च्या भारतीय बिनतारी तार अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यावरच बंधन घातले होते, आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ नुसार बेकायदेशीरपणे संदेश मध्येच पकडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हॅमचा, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राचा, परवाना असला तरी त्याने ही दारे उघडत नाहीत. त्या परवान्याने आम्हाला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झसारखे हौशी सेवेसाठी राखलेले पट्टे वापरता येतात, दुसऱ्यांच्या कामाच्या वाहिन्या नव्हेत.

प्रश्नकर्त्याला या विषयात खरोखर रस आहे असे दिसते, म्हणून सुचवतो की त्याने हौशी केंद्रचालकाची परीक्षा द्यावी. वयाची किमान अट १२ वर्षांची आहे, तेव्हा पदविकेचा विद्यार्थी म्हणून काही अडचण नाही. परवाना मिळाल्यावर आपल्या पट्ट्यात दुसऱ्या परवानाधारकाबरोबर डीटीएमएफ (फोनची कळ दाबल्यावर वाजणारे), सीटीसीएसएस असे टोन पाठवून आणि ओळखून पाहता येतात, आणि समोर कोण काय पाठवतो हे माहीत असल्यामुळे शिकणेही चांगले होते. सीटीसीएसएसचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्याचे टोन ६७ पासून सुमारे २५४ हर्ट्झपर्यंत, बोलण्याच्या खाली सतत चालू असतात. अमेरिकेच्या एखाद्या ध्वनिमुद्रणात असा टोन गाळला गेला नसेल तर आपला प्रोग्रॅम तोच पेजिंगचा टोन समजून बसेल. तीनशेच्या खालचे सारे आधीच कापून टाकावे.

वसाहतीतला

नेरूळकरांनी कायदा सांगितला, मी कामाची रीत सांगतो. माझे वडील अग्निशमन दलात होते आणि माझे सगळे बालपण केंद्राच्या आवारातल्या वसाहतीत गेले.

अमेरिकेतल्या त्या गावांत टोन लागतात, कारण वर्दी येते तेव्हा केंद्रात बहुधा कोणीच नसते. माणसे गावभर पांगलेली असतात. आपल्याकडे शहरी दल पूर्णवेळ पगारी आहे आणि पाळीवरचे जवान केंद्रातच हजर असतात. १०१ वर किंवा ११२ वर फोन येतो, नियंत्रण कक्ष ती वर्दी संबंधित केंद्राला देतो, केंद्रात घंटा होते आणि बंब बाहेर पडतो. जवानाला घरून शोधून आणायचे नसेल तर त्याच्या कमरेला पेजर कशाला लावायचा? बंबावरचे बिनतारी यंत्र लागते ते पुढच्या कामासाठी: पाण्याचा टँकर मागवणे, शिडीची गाडी बोलावणे, जखमींसाठी रुग्णवाहिकेची सोय करणे. म्हणजे आपण जी जोडी शोधायला निघाला होतात, तिची येथे गरजच निर्माण झालेली नाही.

आमच्याकडे टोनचे काम घंटेने केले, एवढेच. जेवताना वडिलांचा घास हातात असे आणि घंटा होताच ताटावरून उठून ते जिना उतरत. त्यांची पाळी नसली तरी घंटा ऐकून त्यांची मान वर होत असे. त्या घंटेला कोणाला उठवायचे आणि कोणाला नाही हे कळत नव्हते.

कोलशेतचा_श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथील दलाचे संभाषण ऐकण्याचा विचार सोडला आहे, डोंगलही तूर्त घेणार नाही. परीक्षेची माहिती मात्र काढायला घेतली आहे.

खाडीपूल काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी चाचणी-फाइल केली. जुन्या प्रोग्रॅमने ६००.९ ला ६०२.९ म्हटले आणि ८३२.५ ला ८३९.८ म्हटले, म्हणजे दोष माझाच होता याची खात्री पटली. नवा प्रोग्रॅम दोन्ही टोन ०.१ हर्ट्झच्या आत सांगतो. मग मूळ ध्वनिमुद्रणे पुन्हा चालवली. पहिल्या काउंटीचे टोन ३४९.१, ७०७.२, ६००.८ आणि ८७९.१ आले. शेजारच्या काउंटीचा हेलकावणारा टोन ५९२.४ आला आणि त्याचा जोडीदार ७१२.५ आला. म्हणजे काकांचा अंदाज मोजण्यापूर्वीच बरोबर होता. पेटीवादकांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही एकत्र वाजवले, डोल खरोखरच ऐकू आले. आता घरच्यांची शेगडी तपासून पुन्हा झाली आहे.

एक अडचण उरली आहे. काही ध्वनिमुद्रणांत पहिला टोन जेमतेम ०.३ ते ०.५ सेकंदच असतो, आणि एका ठिकाणी तर तो मुळीच नाही, थेट दुसरा टोन सुरू होतो. दुसरा मात्र नेहमी पूर्ण तीन सेकंद असतो. यामुळे १६,३८४ नमुने मिळत नाहीत आणि जोडी अपुरी राहते. नियंत्रण कक्ष काही वेळा मुद्दाम लहान टोन देतो का? आणखी एक जोडप्रश्न: जर्मनीतील पाच टोनांच्या पद्धतीलाही हाच प्रोग्रॅम चालेल का? तिथले संभाषण मी ऐकणार नाही, प्रमाणावरून फाइल तयार करून पाहायची आहे.

खाडीपूल_वाशी

कक्षाने टोन लहान केला तर त्यांचे स्वतःचेच जुने पेजर उघडणार नाहीत, तेव्हा ती शक्यता सोडून द्या. टोन कापला जातो तो ऐकणाऱ्याच्या बाजूला. आपण ज्याचे प्रसारण ऐकता त्याचा स्कॅनर एकाच वाहिनीवर बसलेला नसेल, तो दहा-वीस वाहिन्यांवरून फिरत असेल. पेजिंग सुरू होते त्या क्षणी तो दुसरीकडे असतो, फिरत फिरत येतो, स्क्वेल्च (संदेश नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडतो आणि तोवर पहिल्या टोनचा बराच भाग होऊन गेलेला असतो. तो दुसऱ्या वाहिनीवरच्या बोलण्यात अडकला असेल तर पहिला टोन पूर्ण जातो. प्रसारणाच्या माहितीत किती वाहिन्या लिहिल्या आहेत ते पाहा. शक्य असेल तर केवळ पेजिंगची वाहिनी देणारे प्रसारण निवडा. बऱ्याच काउंट्यांसाठी असे एखादे असते.

अपुऱ्या टोनसाठी प्रोग्रॅममध्ये इतकाच बदल करा. ०.४ सेकंदांचा सूर असला तरी त्यात ८,८२० नमुने असतात. त्यांतून ८,१९२ घ्या, कप्पा २.७ हर्ट्झचा होईल आणि पॅराबोलाने तो आणखी बारीक करता येईल. मोटोरोलाच्या पहिल्या गटात ३४९.० चा सर्वांत जवळचा शेजारी १८.५ हर्ट्झ दूर आहे, त्यामुळे तेवढी बारकाई पुरेशी आहे. पहिला टोन अजिबातच नसेल तर जोडी अंदाजाने पूर्ण करू नका. आपल्या काउंटीत तिन्ही केंद्रांचा पहिला टोन एकच आहे म्हणून तो मोह होईल, पण चौथे केंद्र ३६८.५ आणि ७०७.३ असे असू शकते. यादीत पहिल्या टोनच्या जागी रेघ ओढा आणि नंतरच्या बोलण्यात केंद्राचे नाव आले तर ते शेजारी लिहून ठेवा.

जर्मन पद्धतीसाठी हा नवा प्रोग्रॅम चालणार नाही, जुना चालेल. झेडव्हीईआय या तिथल्या प्रमाणात प्रत्येक टोन फक्त ७० मिलिसेकंदांचा असतो, पाच मिळून ३५० मिलिसेकंद. प्रत्येक अंकाला एक टोन ठरलेला असतो आणि हे टोन १,०६०, १,१६०, १,२७०, १,४०० असे चढत २,४०० पर्यंत जातात. एकच अंक लागोपाठ आला तर दुसऱ्या वेळी त्याच्या जागी २,६०० चा पुनरावृत्ती-टोन दिला जातो, नाहीतर एकच लांब टोन वाजतो आहे की दोन, हे ग्राहकाला कळणार नाही. येथे शेजारी टोन किमान शंभर हर्ट्झ दूर आहेत आणि वेळ थोडा आहे, म्हणून २१.५३ चा कप्पा आणि ४६ मिलिसेकंदांचा तुकडा अगदी योग्य बसतो. फक्त तुकडे एकमेकांवर अर्धे चढवून घ्या. या पद्धतीसाठी मल्टिमॉन-एनजी हा तयार प्रोग्रॅमही आहे, पण त्यात अमेरिकेची दोन टोनांची पद्धत नाही, तेव्हा तेवढ्यापुरते आपले लिखाण वाया गेलेले नाही.

आपल्या फाइलमध्ये आधी एकच अंक दोनदा असलेला क्रमांक घ्या, उदाहरणार्थ २-५-५-१-८. तो बरोबर वाचला गेला तर बाकीचे आपोआप येतील.